अडतीस युनिट

"जरा जास्त लिहा ना," दाणीबाई म्हणाल्या.

मी स्टुलावर उभा होतो. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात पेन आणि वही दातांत. घरोघरी फिरून वीजमीटरचं रीडिंग घेणं हे तेव्हा माझं काम. मीटर दाखवत होता ४३३१. वहीत मागच्या महिन्याचा आकडा ४३१८. म्हणजे महिन्याभरात तेरा युनिट. आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळाचंसुद्धा याहून जास्त येतं.

वही दातांतून काढून मी म्हणालो, "बाई, बारा वर्षं झाली मला हे काम करून. लोक कमी लिहा म्हणून मागं लागतात. जास्त लिहा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या."

"पहिला नंबर मला नवीन नाही. साठ लिहा."

"पण का?"

"आधी खाली उतरा. चहा टाकलाय."

हेच मला नको होतं. मी माणूस तसा तुसडा. चहा म्हणजे गप्पा, गप्पा म्हणजे अर्धा तास, आणि अर्ध्या तासात माझी बारा घरं होतात. पण सकाळपासून मोटारसायकलवर होतो आणि बोटं अशी आखडली होती की पेन सुटता सुटेना. उतरलो.

ही २००३ सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. आपल्याकडे कुठं एवढी थंडी असते, असं म्हणणाऱ्यानं हिवाळ्यात एकदा निफाडला येऊन राहावं. बाहेर नाही, घरात. आमची घरं सगळी उन्हाळ्याच्या भीतीनं बांधलेली. उंच स्लॅब, मोझॅकची फरशी, समोरासमोर खिडक्या. नऊ महिने झकास. उरलेले तीन महिने फरशीवर पाय टेकवत नाही. लोक घरात स्वेटर घालतात आणि अंगणात उन्हाला आले की काढतात. पण तीन महिन्यांसाठी कोण काय करणार, म्हणून कोणी काही करत नाही.

दाणीबाई राहायच्या त्या शिक्षक वसाहतीत घरं होती पाच. बाकी नुसते प्लॉट आणि पलीकडे द्राक्षबागा. पाचांतल्या तीन घरांना कायम कुलूप. गावापासून तीन किलोमीटर आत, आणि बाईंचं घर सगळ्यांत शेवटी. बाई पस्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेल्या, मिस्टर वारलेले. सगळ्या खोल्यांना कड्या घालून त्या एकट्या स्वयंपाकघरात राहायच्या. कॉटही तिथंच ओढून आणलेली. अंगात दोन स्वेटर, डोक्याला मफलर, पायात मिस्टरांचे मोजे.

चहा ओतता ओतता त्यांनी कोपऱ्यातलं एक खोकं दाखवलं. "हीटर आहे. दोन रॉडचा. मुलानं बंगलोरहून पाठवलाय, दोन वर्षांपूर्वी."

"मग लावत का नाही?"

"मला थंडी वाजत नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या हातातली बशी कपाखाली वाजत होती.

मग त्यांनी सगळं सांगितलं. मुलगा श्रीनिवास म्हणाला होता, घर विकू, तू आमच्याकडे चल. या नाही म्हणाल्या. तो चिडून म्हणाला, या फ्रीजमध्ये मरशील एक दिवस. यांनी ऐकवलं, माझी काळजी दुरूनच कर. झालं. मायलेकांचं बोलणं बंद. चार महिन्यांनी पार्सलनं हीटर आला, सोबत चिठ्ठी नाही. यांनीही पोच कळवली नाही. घर मुलाच्या नावावर, त्यामुळे विजेचं बिल तो भरायचा. दर महिन्याला बाई आलेलं बिल पाकिटात घालून त्याला पाठवायच्या.

"तेवढंच आमचं पत्र," त्या म्हणाल्या. "आणि तो ते वाचतो बरं का. या वेळी पावती परत पाठवलीन, त्यावर पेन्सिलीनं लिहिलंय. 'हीटर लावत नाहीस. या हिवाळ्यातही नाही लावलास तर मी येऊन घेऊन जाणार.' आणि तो येईल. हट्टी आहे."

"कोणावर गेलाय?"

त्यांनी माझ्याकडे वर्गात बघतात तसं बघितलं. "मला या घरातून जायचं नाही, बोरस्ते. एवढंच आहे. साठ युनिट दिसले की तो गप्प बसेल."

आता खरं सांगायचं तर खोटा आकडा टाकणं आम्हाला अवघड नव्हतं. थंडीपावसात लांबच्या घरांपर्यंत कोण जातं. टपरीवर बसायचं, मागचे आकडे बघायचे आणि अंदाजे टाकायचे. आमच्यातले सगळेच टाकायचे, मीही. पण त्याचं एक गणित असतं.

"बाई, आज मी साठ युनिट धरून ४३७८ लिहिलं, तर पुढच्या महिन्यात मीटर तिथवर जायला पाहिजे आणि त्याच्यावर आणखी साठ. वही पुढं, मीटर मागं असं राहिलं आणि तपासणीला कोणी आलं तर मी घरी बसेन. मी ठेकेदाराचा माणूस, मला कोण वाचवणार?"

त्यांनी डोळे मिटले. "सत्तेचाळीस मागचे. साठ पुढचे. एकशेसात. वर माझे नेहमीचे तेरा. एक रॉड, एक तास, एक युनिट. रोजचे साडेतीन तास." डोळे उघडले. "म्हणजे तुमच्यासाठी मला तो लावावाच लागणार."

"लावा माझ्यासाठी."

"फसवलंत मला," त्या म्हणाल्या, पण हसत होत्या. मी वहीत ४३७८ लिहिलं.

निघताना माझ्या स्वेटरच्या गळ्यातून वर आलेला कागद त्यांना दिसला. गाडीवर वारा छातीत भरू नये म्हणून आम्ही स्वेटरच्या आत वर्तमानपत्र घालतो. सकाळी घातलेलं दुपारपर्यंत चोळामोळा होतं. त्या आत गेल्या आणि घडी न मोडलेला पेपर घेऊन आल्या. "कालचा आहे. पण उबेला काय, शिळा-ताजा सारखाच."

माझी बायको प्रतिभा तेव्हा राजापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षिका होती. लेक तिच्याजवळ. बदलीचा अर्ज पाच वर्षं फिरत होता. मी निफाडला दोन खोल्यांत एकटा. रविवारी घरमालकांकडे तिचा फोन यायचा.

"पेपरात होतं, निफाडला सहा अंश," ती म्हणायची. "फार गारठा आहे का हो?"

"छे. काही नाही."

"पांघरूण पुरतं?"

"पुरतं गं. मला कुठं थंडी वाजते." आणि खोलीत येऊन मी पँट न बदलता, मोज्यांसकट गोधडीत शिरायचो. कोकणातून ती येऊन काय करणार होती? सांगून नुसता तिच्या जिवाला घोर.

डिसेंबरच्या अठ्ठावीस तारखेला दाणीबाईंकडे गेलो. मीटर मागं राहिला असेल तर माझी धडगत नव्हती. स्टुलावर चढलो, बॅटरी मारली. मीटर होता ४४५१. वहीतल्या आकड्याला गाठून बरोबर त्र्याहत्तर पुढं. चकती गरागरा फिरत होती. मला हुश्श झालं.

पण बाई घरात नव्हत्याच. पुढच्या खोलीची कडी काढलेली, आत हीटर लालबुंद झालेला, त्याच्यासमोर रिकामी खुर्ची. बाई मागच्या पायरीवर उन्हात बसून गहू निवडत होत्या.

"हे काय, बाई?"

"युनिट जाळायचे होते ना? जाळतेय. सकाळी दोन तास, संध्याकाळी दीड."

"आणि तुम्ही बाहेर?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "पहिल्या दिवशी बसले होते त्याच्यासमोर. दहा मिनिटांत हातपाय सुटले. इतकं बरं वाटलं, बोरस्ते. आणि एकदम लक्षात आलं, हे बरं वाटतंय ते सांगायला कोणी नाही. माणूस काकडत असतं ना, तेव्हा त्याला काकडण्याशिवाय काही सुचत नाही. ऊब आली की बाकीचं सगळं आठवतं. मला रडूच यायला लागलं. म्हणून उठून बाहेर आले."

असं कोणी बोललं की मला काय करावं ते कळत नाही. मी म्हणालो, "चला आत. मी बसतो तुमच्याबरोबर. नाहीतरी चहा द्यायचाच असतो तुम्हाला."

बसलो. तासभर बसलो. हीटरपुढे पाय पसरून मी प्रतिभाचं सांगितलं, लेकीचं सांगितलं, बदलीच्या अर्जाचं सांगितलं. रविवारच्या फोनचंही सांगितलं.

"म्हणजे तुम्हीही थंडी वाजत नाही म्हणता," बाई म्हणाल्या. "एकाच शाळेतले आपण."

मग त्यांना पोस्टातून पाकिटं आणायची होती. रिक्षा वसाहतीत येत नसे, त्या चालत जायच्या. मी म्हटलं, गाडीवर बसता का? त्या म्हणाल्या, एकोणसत्तर वर्षांत कधी बसले नाही. मिस्टरांची सायकल होती. मी त्यांना पेपरची घडी दिली, ती त्यांनी शालीखाली छातीशी नीट लावली, कानांवरून मफलर बांधला आणि माझ्या खांद्याला धरून एका बाजूनं बसल्या. तीन किलोमीटर जाताना आणि तीन येताना एक शब्द बोलल्या नाहीत. नुसता खांदा घट्ट धरलेला. मला वाटलं घाबरल्या. परत आल्यावर नाक लाल, डोळ्यांतून पाणी. कुलूप काढून आत पाऊल टाकलं आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"अगंबाई. घर किती ऊबदार आहे."

हीटर जाताना बंद केलेला होता. घर होतं तेवढंच गार होतं.

"बाहेरून एवढा वारा खाऊन आलं की हेच घर ऊबदार लागतं," त्या म्हणाल्या. "हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या महिन्यात परत न्याल?"

"सत्तावीसला आहे तुमच्या भागाचं रीडिंग. तेव्हा नेतो."

"सत्तावीस. मी तयार होऊन बसते."

जानेवारीच्या सत्तावीस तारखेला सकाळी पारा कुठच्या कुठं उतरला होता. बागाईतदारांनी द्राक्षं वाचवायला बागांतून शेकोट्या पेटवल्या होत्या आणि रस्त्यावर धूर साचला होता. गाडी पंधरा किका मारल्यावर चालू झाली. गावातली घरं केली. मधूनमधून थांबून दोन्ही पंजे इंजिनाला लावायचो, तरी क्लच दाबताना बोटं माझी आहेत असं वाटत नव्हतं. साडेदहाला वसाहतीच्या फाट्यावर पोचलो. फाट्यावर चहाची टपरी आहे. तिथून बाईंचं घर दोन किलोमीटर. थांबलो. एक चहा घेतला, मग दुसरा घेतला. टपरीवाल्याची शेगडी होती, तिच्याजवळ सरकून बसलो.

मनात आलं, बाईंकडे गेलं की तास मोडणार. शिवाय त्यांना गाडीवरून न्यायचं म्हणजे त्या वाऱ्यात पुन्हा सहा किलोमीटर. पुढच्या महिन्यात नेऊ, थंडीही कमी झालेली असेल. वही उघडली आणि वसाहतीतल्या पाचही घरांचे आकडे तिथंच बसून टाकले. दाणीबाईंचा टाकला ४५३३. ब्याऐंशी युनिट. चांगला आकडा होता. बघून मुलाला बरं वाटलं असतं.

दुसरं काही कारण नव्हतं. मला थंडी वाजत होती.

फेब्रुवारीच्या नऊ तारखेला त्याच टपरीवर किसन दूधवाला भेटला. वसाहतीत दूध घालणारा तोच. मला बघून म्हणाला, "भाऊ, दाणीबाई गेल्या."

"कुठं गेल्या?"

"वारल्या. चार दिवस झाले."

तो कॅन उतरवून माझ्याजवळ आला. "वीस-बावीस तारखेपासून खोकत होत्या. मी म्हटलं, बाई, कॅन रिकामे करून येतो, डॉक्टरकडे सोडतो. तर नको म्हणाल्या. सत्तावीसला बोरस्ते येणार आहेत, त्यांच्या गाडीवर जाईन म्हणाल्या. सत्तावीसला मी दूध घालायला गेलो तर तयार होऊन पायरीवर बसलेल्या. मफलर बांधलेला, शालीखाली पेपर घातलेला. मला दाखवला त्यांनी, हसून. दुपारी परत येताना बघितलं तर तिथंच होत्या. म्हटलं, आत जा बाई, वारं सुटलंय. म्हणाल्या, येतील, त्यांना बरीच घरं असतात."

तो पुढं सांगत राहिला.

"एक तारखेला दार उघडेनात म्हणून आम्ही चौघांनी कडी तोडली. अंगात फणफणून ताप. नाशिकला नेलं. छातीत कफ भरलेला. पाच तारखेला गेल्या. मुलगा आला होता तोवर. तुमचं काही काम निघालं होतं का त्या दिवशी?"

"हो," मी म्हणालो.

तिथून गाडी वळवून घरी जावं असं फार वाटलं. गेलो नाही. दोन किलोमीटर, जे तेव्हा गेलो नव्हतो, ते गेलो.

मुलगा दारातच होता. चाळिशीचा, टक्कल पडलेला, पण बघण्याची तऱ्हा थेट बाईंची. मी नाव सांगितलं तर त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्हीच बोरस्ते. या, आत या." त्यानं खिशातून एक घडी केलेला कागद काढला. "डिसेंबरच्या बिलाबरोबर आईनं हे पाठवलं. दोन वर्षांनी पहिली चिठ्ठी."

दोनच ओळी होत्या, फळ्यावर असतात तशा अक्षरात. 'हीटर लावते. बोरस्ते नावाच्या गृहस्थांबरोबर मोटारसायकलवर बसले, छान वाटलं. होळीला ये, पोळ्या करीन. घर थंड नाही.'

"मी तिकीट काढलं होतं होळीचं," तो म्हणाला आणि चष्मा काढून पुसत राहिला.

मग टेबलावरचं बिल उचलून त्यानं मला दाखवलं. "हे परवा दारात पडलेलं मिळालं. जानेवारीचं. ब्याऐंशी युनिट. म्हणजे आजारी पडेपर्यंत रोज लावत होती. माझी आई शेवटी गारठली नाही, बोरस्ते. एवढं एक समाधान आहे मला. नाहीतर मी हे घर डोळ्यांनी बघू शकलो नसतो."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण तेवढ्यात तोच म्हणाला, "आता आलाच आहात तर शेवटचं रीडिंग घेऊन द्या. मीटर बंद करायचा अर्ज करायचाय."

मी स्टूल ओढलं. तेच स्टूल. चढलो, बॅटरी मारली. चकती जागच्या जागी उभी होती. आकडा होता ४४८९.

मागच्या वेळी ४४५१. म्हणजे अडतीस. वीस तारखेपर्यंत लावला असेल, थोडा थोडा. मग नाही. खोकत असताना नाही, ताप चढल्यावर नाही. मी त्या दिवशी येऊन या स्टुलावर चढलो असतो तर बघताक्षणी कळलं असतं. आणि त्याच्याही आधी, पायरीवरच त्या दिसल्या असत्या.

"किती आहे?" खालून श्रीनिवासनं विचारलं. तो हातात पेन घेऊन उभा होता.

"चार हजार पाचशे एक्केचाळीस," मी म्हणालो.

त्यानं लिहून घेतलं.

निघताना तो हीटर घेऊन बाहेर आला, मूळ खोक्यात घालून. मी नको म्हटलं, दोनदा म्हटलं. "आईला आवडलं असतं," तो म्हणाला. गाडीच्या मागच्या सीटवर, बाई बसल्या होत्या तिथं, आम्ही दोघांनी मिळून तो दोरीनं बांधला. रस्ताभर त्याचा कोपरा माझ्या पाठीला लागत होता.

त्याला वीस वर्षं होऊन गेली. प्रतिभाची बदली २००७ साली झाली, लेकीचं लग्नही झालं. आम्ही दोघंच असतो आता. तोच गारठा, तशीच फरशी. हीटर माळ्यावर आहे. दर जानेवारीत प्रतिभा एकदा तरी म्हणतेच, "अहो, तो हीटर काढा ना खाली. नवाच्या नवा पडलाय."

"कशाला," मी म्हणतो. "मला थंडी वाजत नाही."

ती शाल आणून देते. मी ती पांघरून मागच्या पायरीवर जाऊन बसतो, ऊन येईपर्यंत.